एप्रिलअखेर हामटा पास: हिमस्खलनाचा अंदाज कसा घ्यायचा?

घाटपायवाट

नमस्कार मंडळी.

आम्ही पाच जण, सगळे कोथरूड-कर्वेनगरचे. सह्याद्रीत बरीच वर्षं भटकतोय, हिमालयातले ट्रेकही झालेत, पण ते कंपन्यांबरोबर. दोघांचा गिर्यारोहणाचा बेसिक कोर्स झालाय. या वेळी कंपनी नको, मनालीचा ओळखीचा गाईड आणि दोन मदतनीस घेऊन हामटा पास करायचा बेत आहे. पास साधारण ४,२७० मीटरवर. १ मेच्या सुट्टीला जोडून तारखा काढल्यात: २५ एप्रिलला मनाली, मग जोबरा, चिका, बालू का घेरा असं चढत २९ला पास. पलीकडे छत्रूचा रस्ता तेव्हा सुरू असेल याची खात्री नाही, म्हणून पासवरून त्याच वाटेनं मागे. जाता-येता झेलम एक्सप्रेस, रिझर्व्हेशन झालंय.

जूनमध्ये तिथे जत्रा असते. आम्हाला भरपूर बर्फ असतानाचा पास बघायचाय.

परवा घरी विषय निघाला तेव्हा बायकोनं एवढंच विचारलं, "अ‍ॅव्हलांचचं काय?" मी म्हटलं, "गाईड आहे की." ती काही बोलली नाही, पण ते उत्तर माझं मलाच पटलेलं नाही. कोणत्या उतारावर धोका असतो, ताजा बर्फ किती पडला की थांबायचं, सरकारी इशारा कुठे बघायचा, बीकन (बर्फात गाडलेल्याला शोधायचं रेडिओ यंत्र) घ्यावा का, आणि तो खड्डा खणून बर्फाची परीक्षा करतात तो प्रकार आपल्याला जमेल का? ज्यांनी हे केलंय त्यांनी सविस्तर लिहा. वेळ आहे अजून.

झेड_ब्रिज

इथे एप्रिलमध्ये चाळिशी पार होणार आणि तुम्ही बर्फात. जळलो. चहा घेऊन बसलोय, येऊ द्या प्रतिसाद.

कातळकडा

एवढा विचार करू नका राव. तिथली माणसं जन्मापासून बर्फ बघतात, ती सांगतील तसं करायचं. आणि हिमस्खलन म्हणजे शेवटी आपल्या दरडीसारखंच. जुलैत माळशेजला काय होतं? धो धो पाऊस, तीव्र उतार, माती भिजून जड होते आणि सुटते. पाऊस थांबून दोन दिवस ऊन पडलं की घाट सुरू. तिकडेही बर्फ पडून गेल्यावर दोन दिवस ऊन खाऊ द्या आणि मग चढा. साधं गणित आहे.

हिमरेषा

@कातळकडा, दरडीचं उदाहरण निम्मं बरोबर आहे. वजन वाढतं आणि उतार सुटतो, इथपर्यंत ठीक. पण उरलेलं निम्मं उलटं आहे, आणि माणसं मरतात ती त्यातच.

डोंगरावरचा बर्फ एकसंध नसतो. प्रत्येक हिमवर्षावाचा एक थर. मधल्या दिवसांत ऊन, वारा, थंडी त्या थराचा पृष्ठभाग बदलून टाकतात आणि त्यावर पुढचा थर बसतो. कुठेतरी एक थर कच्चा राहतो आणि त्यावर घट्ट थराची मोठी लादी तयार होते. कच्चा थर एका जागी खचला की ते खचणं आडवं पसरत जातं आणि वरची अख्खी लादी एकदम सुटते. याला स्लॅब म्हणतात. यात वरून काही कोसळून तुमच्या अंगावर यावं लागत नाही, तुम्ही ज्यावर उभे असता तेच निघतं. ट्रेकर आणि स्कीवाले ज्या हिमस्खलनात सापडतात त्यांतली साधारण दहापैकी नऊ त्यांच्याच किंवा त्यांच्या गटातल्या कुणाच्या वजनानं सुटलेली असतात.

आता तुमचं "दोन दिवस ऊन". जानेवारीत बर्फ पडून गेल्यावर एक-दोन दिवस थांबणं चांगलंच. पण एप्रिलअखेरीला ऊन हाच धोका आहे. ऊन लागलं की वितळलेलं पाणी थरांत उतरतं, दाण्यांमधली पकड सुटते आणि ओला, जड बर्फ खाली निघतो. संध्याकाळपर्यंत वाट पाहायची की सकाळीच उतरून यायचं, हा प्रश्न तिथे रोजचा असतो. हामटा पीर पंजालमध्ये येतो. कुलूच्या बाजूला बर्फ भरपूर पडतो आणि हवा त्यामानानं उबदार, म्हणजे ओल्या हिमस्खलनाचाच मुलूख. लडाख-काराकोरमची कोरडी थंडी वेगळी.

@घाटपायवाट, तुमच्या प्रश्नांकडे रात्री येते. तोवर एक सांगा: परतीचं झेलम किती तारखेचं आहे?

घाटपायवाट

१ मेला संध्याकाळी मनाली सोडायचं, २ला अंबाल्याहून गाडी. का?

हिमरेषा

कारण तुमच्या सगळ्या बेतातली मला सर्वात धोकादायक वाटलेली गोष्ट तीच आहे. २९ला पास ठरलाय, ३०ला खाली, १ला बस. २८च्या रात्री ढग आले तर तुम्ही काय करणार? बालू का घेऱ्यात एक दिवस बसून राहायला तुमच्याकडे दिवसच नाही. मग पाच जण तंबूत बसून "एवढं काही वाटत नाही रे" असं एकमेकांना सांगतील. सगळे हुशार, सगळे अनुभवी, आणि तिकीट खिशात. बर्फाविषयी कितीही वाचलं तरी तिथे निर्णय तिकीट घेतं.

पुण्यात बसून बर्फ कसा असेल हे कळणार नाही. दोन गोष्टी मात्र इथेच ठरतात: कोणत्या उतारावर पाय ठेवायचा आणि हाताशी किती दिवस ठेवायचे. बाकीचं सगळं त्यानंतर.

उताराचं बघा. स्लॅब सुटतात त्या बहुतेक ३० ते ४५ अंशांच्या उतारावर, त्यातही ३५ ते ४०च्या आसपास सर्वात जास्त. ३०च्या खाली प्रमाण झपाट्यानं कमी होतं. ४५-५०च्या वर बर्फ साठतच नाही, थोडाथोडा झडत राहतो. म्हणजे जो उतार दोराशिवाय चालवतो आणि चढायला मजा येते, नेमका तोच. पण तुमच्या पायाखालचा उतार १५ अंशांचा असून भागत नाही, वर काय आहे ते बघायचं. हामट्याची बरीचशी वाट दरीच्या तळातून, राणी नाल्याच्या काठानं जाते. तुम्ही सपाटीवर चालत असता आणि दोन्ही बाजूंचे उतार तुमच्याकडे बघत असतात. खालून सुटण्याच्या जागेकडे नजर टाकताना कोन २५ अंशांच्या वर असेल तर तुम्ही नक्की टप्प्यात आहात असं धरा. मोठं हिमस्खलन त्याहून सपाट कोनातही पोचतं.

४ एप्रिल २०२३ला सिक्कीममध्ये नथुलाच्या रस्त्यावर सात पर्यटक हिमस्खलनात गेले. कुणी शिखर चढत नव्हतं. आणि २८ फेब्रुवारी २०२५ला बद्रीनाथजवळ माणा इथे सीमा रस्ते संघटनेच्या कामगारांच्या छावणीवर आलं, तेव्हा ती माणसं राहत्या कंटेनरमध्ये होती. ५४ जण अडकले, ४६ वाचले, आठ गेले. खालच्या जागेची किंमत यातून कळते.

अर्धवट_अभियंता

उताराच्या कोनाबद्दल भर घालतो, कारण हे काम पुण्यात बसून खरंच करता येतं.

१:५०,००० नकाशा आणि कंटूर (समान उंचीच्या रेषा) ४० मीटरचे असतील तर ३० अंशांच्या उतारावर दोन कंटूरमधलं अंतर साधारण १.४ मिमी येतं, ४५ अंशांवर ०.८ मिमी. म्हणजे दोन रेषांत दीड मिलिमीटरपेक्षा कमी जागा दिसली की तिथे लाल पेन्सिल. नाल्याच्या दोन्ही अंगांना असं रंगवत गेलं की वाटेचा कुठला तुकडा कशाखालून जातो ते एका संध्याकाळी कळतं. अ‍ॅपमध्ये उताराचे रंग दाखवणारे नकाशे असतात, तेही वापरा. पण दोन्हींची खोट सारखीच: फुकट मिळणारा उंचीचा डेटा बहुतेक ३० मीटरच्या चौकटींचा असतो. वीस मीटर उंचीचा खडा टप्पा त्यात गुळगुळीत होऊन जातो. नकाशा "धोका आहे" म्हणाला तर ऐका, "नाही" म्हणाला तर जागेवर मोजा.

जागेवर मोजायला दोन सारख्या लांबीच्या ट्रेकिंग काठ्या पुरतात. एक उभी रोवा. दुसरी तिच्या चढाकडच्या बाजूला आडवी धरा, एक टोक उताराला टेकलेलं, दुसरं उभ्या काठीला. निम्म्या उंचीवर भेट झाली तर उतार सुमारे २७ अंश, अगदी टोकाशी झाली तर ४५. निम्म्याच्या वर गेलं की सावध. मोबाइलमधला कोनमापकही चालतो, उतारावर टेकवलेल्या काठीवर ठेवून. सिंहगडाच्या वाटेवर दहा ठिकाणी आधी डोळ्यानं अंदाज करा आणि मग मोजा. बहुतेकांना २५ अंशांचा उतार ४०चा वाटतो, आणि उलटही होतं.

कातळकडा

मान्य, वजन आणि ऊन दोन्हींचं समजलं. पण गाईडचा मुद्दा सोडत नाही. आपण नकाशावर मिलिमीटर मोजायचे आणि तिथल्या माणसाला काही विचारायचं नाही, हा पुणेरीपणा झाला.

हिमरेषा

विचारायचं तर आहेच. फक्त "जायचं का?" असं विचारू नका. तुम्ही पैसे दिलेत, तुम्हाला पास हवाय हे त्याला माहीत आहे, तो "चलेंगे सर" म्हणणार. विचारा: गेल्या आठवड्यात बर्फ कधी पडला, किती? वारा कुठून होता? पिछले साल नाले में किस तरफ से आया था? रात्री गोठतंय का? एखादा उतार दाखवून विचारा, इथून तुझ्या मुलाला नेशील का? उत्तर देताना तो थांबला तर तेच उत्तर. आणि निघायच्या आधीच त्याला सांगून ठेवा की पास झाला नाही तरी पैसे आणि बक्षिसी तीच. या एका वाक्यानं त्याची जीभ मोकळी होते.

पण जाणकार बरोबर असणं म्हणजे विमा नव्हे. ४ ऑक्टोबर २०२२, द्रौपदी का डांडा-२. उत्तरकाशीच्या नेहरू पर्वतारोहण संस्थेची प्रशिक्षणार्थींची तुकडी, सोबत प्रशिक्षक. २७ जणांचे मृतदेह मिळाले. त्यात सविता कंसवाल होती, त्याच वर्षी मे महिन्यात एव्हरेस्ट आणि मकालू चढून आलेली. संस्था देशातली नामांकित, माणसं तिथलीच, डोंगर ओळखीचा. ओळखीच्या उताराची भीती कमी वाटते, आणि पुढच्याच्या पाऊलखुणा दिसल्या की मागचे मोजणं सोडतात.

नवखी_ट्रेकर

धागा वाचून घाबरले. आमच्या कॉलेजचा ग्रुप डिसेंबरमध्ये केदारकंठा करणार आहे. रद्द करायचा का?

हिमरेषा

नाही गं. नेहमीची वाट बरीचशी जंगलातून आणि नंतर धारेवरून जाते, म्हणून ती निवडलेली आहे. दाट झाडी बर्फाला धरून ठेवते. पण जंगलात मध्येच वरून खालपर्यंत सरळ मोकळा पट्टा दिसला, त्यात फक्त झुडपं, कडेच्या भोजपत्राची खोडं खालच्या अंगाला वाकलेली आणि डोंगराकडच्या फांद्या मोडलेल्या, तर तो हिमस्खलनाचा ठरलेला रस्ता आहे. तिथे फोटोला थांबायचं नाही, एकेकानं ओलांडायचा. आणि उतरताना वाट सोडून बाजूच्या मोकळ्या उतारावर बसून घसरगुंडी करतात, रील काढतात, ते करू नका.

डिसेंबरात आणखी एक असतं. बर्फ थोडा, समजा अर्धा मीटर. खाली जमीन शून्य अंशाच्या जवळ, वर निरभ्र रात्री उणे पंधरा. म्हणजे दर दहा सेंटिमीटरला तीन अंशांचा फरक. एक अंशाच्या वर गेला की तळातल्या बर्फाची वाफ वर सरकायला लागते आणि दाणे मोठे, कोनदार, सुटे होतात. मुठीत दाबा, गोळा होत नाही, बोटांतून ओघळून जातो. जानेवारीचा मोठा बर्फ या पायावर बसतो. सावलीतल्या उत्तर उतारांवर हा कच्चा थर आठवडेच्या आठवडे टिकतो. पाच दिवस निरभ्र गेले, तरी तो तसाच असू शकतो.

मुठाकाठ

पेशानं डॉक्टर आहे, हिमालय आता फक्त टीव्हीवर. गाडलं गेल्यावर काय होतं ते लिहितो, कारण "सियाचीनमध्ये तो जवान सहा दिवस जिवंत सापडला होता" हे वाक्य मला दर महिन्याला ऐकू येतं.

लान्स नायक हणमंतप्पा, फेब्रुवारी २०१६. खरं आहे. त्यांना हवेची पोकळी मिळाली होती. त्यांच्याबरोबरचे नऊ जण गेले, आणि तेही ११ फेब्रुवारीला दिल्लीत गेले. हा अपवाद आहे, त्यावर बेत आखू नये.

नियम असा की पूर्ण गाडलेल्या माणसाला पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढलं तर वाचण्याची शक्यता ९० टक्क्यांच्या आसपास. अर्ध्या तासानं तिघांतला एक. मृत्यू थंडीनं नाही, गुदमरून होतो. आपल्याच उच्छ्वासाची वाफ तोंडासमोर गोठून बर्फाचं कवच होतं आणि कार्बन डायऑक्साइड परत नाकात जातो. काही जण त्याआधीच खडक-झाडावर आपटून जातात. शिवाय थांबलेला बर्फ लगेच घट्ट होतो, घनमीटरला ३०० ते ५०० किलो. हातानं उकरता येत नाही.

पुण्यात अपघात झाला तर आपण १०८ला फोन करतो. बालू का घेऱ्यात दहा मिनिटांत कुणीही येत नाही. तुमचे चौघे मित्र हीच रुग्णवाहिका.

घाटपायवाट

डॉक्टरकाका, हे वाचून पोटात गोळा आला, पण बरं झालं लिहिलंत. मग बीकन घ्यायचाच ना? पाच जणांचे पाच, खर्च बराच आहे, भाड्यानं बघतोय. आणि खड्ड्याची टेस्ट?

हिमरेषा

बीकन घेतलात तर प्रत्येकाकडे बीकन, प्रोब (बर्फात खुपसायची लांब सळई) आणि धातूचं फावडं, तिन्ही. गाईड आणि मदतनीसांकडेही. बीकन फक्त दिशा आणि अंतर सांगतो, प्रोबनं नेमकी जागा सापडते, बाहेर काढतं ते फावडं. यातलं एक नसेल तर बाकीचे दोन शोभेचे.

सगळे बीकन ४५७ किलोहर्ट्झवर चालतात, त्यामुळे कंपनी वेगळी असली तरी एकमेकांना सापडतात. मोबाइल, कॅमेरा, स्मार्ट घड्याळ यांचा त्रास होतो. चालताना फोन बीकनपासून वीस सेंटिमीटर लांब, शोधताना पन्नास. सराव बर्फाशिवाय होतो. तळजाईच्या पाचोळ्यात एकानं पिशवीत घालून बीकन लपवायचा, दुसऱ्यानं घड्याळ लावून शोधायचा. पाच मिनिटांच्या आत यायला लागला की दोन लपवा. सुरुवातीला सगळे बीकन नाकासमोर धरून पळतात. शेवटच्या तीन मीटरमध्ये तो जमिनीलगत आणायचा आणि हळू, हे हाताला लागेपर्यंत वेळ जातो. मग प्रोब उताराला काटकोनात, वीस-पंचवीस सेंटिमीटरच्या अंतरानं गोल गोल. लागला की प्रोब काढायची नाही, खालच्या बाजूनं आडवं खणत जायचं.

हे सगळं येत असूनही मी बीकन गळ्यात आहे म्हणून कुठला उतार चढत नाही.

खड्डा: ३० बाय ९० सेंटिमीटरचा खांब कापायचा, एका टोकावर फावडं ठेवून आधी मनगटातून दहा, मग कोपरातून दहा, मग खांद्यातून दहा थापा. तडा अख्ख्या खांबातून आरपार गेला तर वाईट. तुमच्यातल्या दोघांनी कोर्सला बघितलंही असेल. माझं मत असं की याचा उपयोग फक्त "नाही" म्हणायला करा. दहा मीटरवर बर्फ वेगळा असतो, त्यामुळे "खांब टिकला, चला" हा निष्कर्ष काढता येत नाही. नवशिक्या लोकांना खड्डा खणल्यावर आपण काहीतरी शास्त्रीय केलं असं वाटतं आणि धीर येतो. तो धीर नको.

खड्ड्यापेक्षा मोठ्यानं बोलणाऱ्या खुणा असतात. समोरच्या डोंगरावर कालचं ताजं हिमस्खलन दिसणं. पाय टाकल्यावर "धुप्प" असा खोल आवाज येऊन आजूबाजूचा बर्फ बसणं. पायापासून तडा सरसरत पुढे जाणं. यातलं एकही झालं की त्या कोनाच्या, त्या दिशेच्या सगळ्या उतारांवरून मागे. चोवीस तासांत तीस सेंटिमीटर ताजा बर्फ, किंवा त्याहून कमी बर्फ पण जोरदार वारा, तरी तेच. वारा आभाळ निरभ्र असतानाही एका बाजूचा बर्फ उचलून दुसऱ्या बाजूला लादत असतो. पश्चिमेचा वारा असेल तर पूर्वेकडचे उतार भरतात. पासच्या धारेवर पुढे आलेला बर्फाचा छज्जा दिसला की त्याच्या खालून नाही आणि त्याच्या कडेवरूनही नाही.

अर्धवट_अभियंता

युरोपातल्या पुस्तकांत वाचलं होतं की उत्तरेकडचा उतार वसंतातही थंड राहतो, दुपारी तिथून जा. हे हामट्याला लागू होतं का?

हिमरेषा

चांगला प्रश्न. हिशेब तुम्हीच करा. आल्प्स ४६ अक्षांशावर, हामटा ३२च्या थोडा वर. एप्रिलअखेरीला दुपारी सूर्य हामट्यावर ७२ अंशांवर असतो, आल्प्समध्ये ५८वर. म्हणजे ३० अंशांच्या उत्तर उतारावरही आपल्याकडे दुपारी ४२ अंशांनी ऊन पडतं. थंड बिंड काही नाही. आधी पूर्व उतार सुटायला लागतात, मग दक्षिण, मग पश्चिम, आणि उत्तरेचाही नंबर येतो. म्हणून पहाटे तीनला निघून दहाच्या आत तीव्र उतारांच्या खालून बाहेर.

त्यातही पहाटे निघालो की झालं असं नाही. रात्र निरभ्र असेल तर बर्फाची उष्णता आकाशात निघून जाते आणि वरचा थर कडक गोठतो. ढगाळ रात्री हवा तेवढीच गार असली तरी बर्फ गोठत नाही. पहाटे तंबूबाहेर येऊन दहा पावलं चाला. बूट वाजला, तर निघा. घोट्यापर्यंत गेला तर विचार करा. गुडघ्यापर्यंत गेला तर चहा टाका आणि झोपा. वाटेत उन्हात बर्फाचे गोळे आपोआप घरंगळत यायला लागले तर तुम्ही आधीच उशीर केलाय.

एक हिमस्खलनाबाहेरचं, पण तुमच्या वाटेवर तितकंच महत्त्वाचं: नाल्यावरचे बर्फाचे पूल. एप्रिल-मेमध्ये खालून पाणी वाढतं आणि छत पातळ होतं. मोठ्या दगडांच्या कडेला पोकळी असते. नाला पहाटे, एकेकानं, पाठपिशवीचा कमरपट्टा सोडून ओलांडा. तीव्र उतार आडवा कापतानाही तेच: एक चालतो, बाकीचे सुरक्षित जागी थांबून त्याच्यावर नजर ठेवतात, काठ्यांचे मनगटपट्टे काढलेले.

सरकारी इशारा चंदीगडच्या डीजीआरई या संरक्षण खात्याच्या संस्थेकडून येतो. पूर्वी मनालीला सासे ही बर्फ आणि हिमस्खलनाचा अभ्यास करणारी संस्था होती, ती २०२०मध्ये यात विलीन झाली. जिल्हा, उंची आणि धोक्याची पातळी असं स्वरूप असतं, पुढच्या २४ तासांसाठी. तो बघाच, पण तो कुलू जिल्ह्याबद्दल बोलतो, तुमच्या नाल्याबद्दल नाही. पाचाच्या पट्टीत तीन म्हणजे मध्यम, चालेल, असं समजू नका. युरोपात सर्वाधिक बळी तीनच्या दिवशीच जातात, कारण चार-पाचला लोक घरी बसतात. सोबत हवामान खात्याचा अंदाज आणि जिल्हा प्रशासनाचे बंदीचे आदेशही बघा. आणि सॅटेलाइट फोन किंवा तसला संदेश पाठवणारा डबा परदेशातून कुणी आणून देत असेल तर नको. परवानगीशिवाय आपल्याकडे बेकायदा आहे, लोकांना अटक झालीये.

घाटपायवाट

ताई, मनापासून आभार. काल पाचही जण कर्वे रस्त्यावरच्या नेहमीच्या टपरीवर नकाशा पसरून बसलो होतो. लाल पेन्सिलीनं रंगवल्यावर चिकापर्यंतची वाट बरीच मोकळी दिसते, पुढे बालू का घेऱ्याकडे जाताना आणि पासच्या शेवटच्या चढाला लाल वाढत जातं.

ठरलं ते असं. परतीचं झेलम रद्द केलं, ५ मेचं काढलं. तिघांना रजा वाढवून मिळाली. एकाला नाही, तो चिकाहून एका मदतनीसाबरोबर परत फिरेल. पास झालाच पाहिजे असं धरलेलं नाही. रात्र गोठली नाही तर पास नाही, चोवीस तासांत फूटभर ताजा बर्फ पडला तर तीव्र उताराखाली पाऊल नाही, आणि पाचांतला एक जण "नको" म्हणाला तरी कारण न विचारता मागे. हे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिहून गाईडलाही पाठवलं. त्याचा लगेच फोन आला, "सर, फिर तो मई के दूसरे हफ्ते में आओ, और अच्छा रहेगा." हे त्यानं आधी का सांगितलं नाही विचारलं, तर म्हणाला तुम्ही तारीख विचारली नव्हती, सांगितली होती.

एक भिडू मात्र अजून तोंड फुगवून आहे. त्याचं म्हणणं, पास होणारच नसेल तर एवढ्या लांब जायचं कशाला, त्यापेक्षा दयारा बुग्याल करू.

कातळकडा

भिडू चूक बोलत नाहीये. दयाराची कुरणं सौम्य उताराची आहेत, बर्फही मिळतो, एप्रिलअखेर थोडा कमी असेल. पास पास काय करताय.

गाईडचं वाक्य आवडलं. बाकी ऊन-दरडीचं माझं गणित हिमरेषाताईंनी उलटं टांगलं, हरकत नाही. बीकनच्या सरावाला मीही येतो, बघू तरी काय प्रकार आहे.

झेड_ब्रिज

पाच-सहा जण पहाटे तळजाईवर फावडी घेऊन दिसले तर मॉर्निंग वॉकवाल्या आजोबांना काय सांगणार तेवढं आधी ठरवून ठेवा.

हिमरेषा

पहिल्या दिवशी फावडी नकोत, फक्त शोधायचं. रविवारी सहाला, वरच्या मैदानाशी. दोन बीकन माझ्याकडे आहेत, भाड्याचे मिळाले तर तेही आणा. सेल नवे, अल्कलाइन टाका. रिचार्जेबल नको, ते संपताना सांगत नाहीत. आणि तोंड फुगवलेल्या भिडूला नक्की आणा, पहिला बीकन त्यालाच शोधायला देऊ.